गंधसंवेदनेचे जतन आणि मोजमाप : नाकावाटे होणाऱ्या शस्त्रक्रियांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
वैशेषिक दर्शनाने गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला व त्याच्या ग्रहणासाठी घ्राण हे स्वतंत्र इंद्रिय मानले. आधुनिक काळात मात्र पंचज्ञानेंद्रियांपैकी याच इंद्रियाची सर्वाधिक उपेक्षा झालेली दिसते. नाकावाटे कवटीच्या तळाशी दुर्बिणीने केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांसंबंधीच्या वैद्यकीय लेखनात गंधसंवेदनेच्या जतनाचा विचार कोणत्या निकषांवर होतो, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तंत्राचा विकास :
१९०७ मध्ये हर्मान श्लोफर यांनी नाकाच्या मार्गाने पीयूषिका ग्रंथीच्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. १९९० च्या दशकात या मार्गात दुर्बिणीचा वापर रुजला. तथापि, कवटीच्या तळाला पडलेल्या छिद्रातून मेंदूभोवतीचा द्रव नाकात झिरपण्याचा धोका कायम होता. २००६ मध्ये हदाद, बासागास्तेगी व सहकाऱ्यांनी नाकाच्या मधल्या पडद्यावरील अस्तराचा पट्टा, त्याचा रक्तपुरवठा न तोडता, फिरवून ते छिद्र झाकण्याची पद्धत मांडली. ती लवकरच सर्वमान्य झाली. परंतु त्याच पडद्याच्या वरच्या भागात गंधग्राही पेशी असतात. म्हणून पट्ट्याचा वरचा छेद कवटीच्या तळापासून सुमारे १ ते २ सेंटिमीटर खाली ठेवावा, असा संकेत रूढ झाला. अर्थात, गाठ गंधचेतांच्या जागीच असेल तेथे जतनाला मर्यादा पडते.

मोजमापाचा प्रश्न :
खरा वादाचा मुद्दा येथे उद्भवतो. गंध टिकला, असे केव्हा म्हणावे? केवळ रुग्णाला विचारून नोंद करणे अपुरे आहे. कारण एका नाकपुडीचा गंध गेला तरी दुसरी ती उणीव झाकते. शिवाय शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत सूज व खपल्यांमुळेही वास येत नाही. तेव्हा चाचणी शस्त्रक्रियेपूर्वी, प्रत्येक नाकपुडीची स्वतंत्र आणि काही महिन्यांनी पुन्हा, अशी व्हावयास हवी.

चाचणीचे स्वरूपही तपासले पाहिजे. रिचर्ड डोटी यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सिद्ध केलेल्या चाचणीत ४० गंध ओळखावयाचे असतात. मूळ अमेरिकन आवृत्तीत रूट बीअर यांसारखे गंध आहेत. ज्याने हे पदार्थ कधी चाखले नाहीत, अशा विदर्भातील शेतकऱ्याचे उत्तर चुकले तर दोष नाकाचा की प्रश्नपत्रिकेचा? गंध ओळखणे हे केवळ नाकाचे कार्य नाही. त्यात स्मृती व भाषा यांचाही वाटा असतो. मराठीत खमंग, कुबट, करपट, आंबूस, उग्र अशी गंधवाचक विशेषणे विपुल आहेत. हिंग, कढीपत्ता, मोगरा, कापूर अशा परिचित गंधांवर आधारित, प्रमाणित चाचणी हाती असल्याशिवाय येथील रुग्णांविषयीचे निष्कर्ष विश्वसनीय मानता येणार नाहीत. गंधाची किमान मात्रा मोजणारी चाचणी परिचयावर कमी अवलंबून असते. म्हणून तिची जोड देणे श्रेयस्कर ठरेल.

सामाजिक आशय :
गंधहानी ही किरकोळ बाब नव्हे. गॅस सिलिंडरमध्ये मुद्दाम मिसळलेला उग्र वास ज्याला येत नाही, त्याची सुरक्षितताच धोक्यात येते. अन्नाची चवही मोठ्या प्रमाणात गंधावर अवलंबून असते. स्वयंपाकी, अत्तरविक्रेता किंवा चहाचा परीक्षक यांच्या दृष्टीने तर हा उपजीविकेचा प्रश्न आहे. तरीही २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत गंधहीनतेचा समावेश नाही. २०२० नंतर कोविडमुळे असंख्य लोकांना या हानीचा अनुभव आला, ही जाणीव मात्र स्वागतार्ह आहे.

निष्कर्ष :
प्राण व दृष्टी वाचविण्यासाठी गंधाचा त्याग करावा लागला तर तो समर्थनीयच आहे. परंतु जे गमावले त्याची नोंदच न ठेवणे समर्थनीय नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतिपत्रात गंधहानीची शक्यता रुग्णाच्या भाषेत, त्याचा व्यवसाय विचारून, स्पष्ट करावी. जे मोजले जात नाही त्याचे जतन झाले, असा दावा करता येत नाही. वैद्यक व भाषाविज्ञान यांनी एकत्र येऊन करावयाचे हे काम आहे.