‘आहे’ म्हणजे ‘वापरतात’ असं नाही : टीओई चौकट आणि आपल्या कॉलेजांची ग्रंथालयं

पेट सुटली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. विषय साधारण असा: ‘अमुक संस्थांमधील माहिती तंत्रज्ञानाच्या स्वीकारावर परिणाम करणारे घटक’. नांदेड-लातूरकडे ग्रंथालयशास्त्र, वाणिज्य, व्यवस्थापन, संगणकशास्त्र यातल्या कुणाशीही बोला, या वळणाचा विषय घेतलेलं कुणी ना कुणी भेटतंच. विषय ठरला की चौकटही जवळजवळ ठरलेली असते: टीओई. तीन चौकोन, तीन बाण आणि बाणांच्या टोकाला ‘स्वीकार’. आकृती देखणी दिसते, समितीसमोर समजावून सांगायला सोपी जाते.

ही चौकट वाईट नाही. पण आपल्याकडे ती ज्या पद्धतीने वापरली जाते, त्यातून तीन-चार वर्षं खर्चूनही हाती काहीच लागत नाही असं होऊ शकतं. ते का, हे एका जवळच्या उदाहरणावरून बघू: स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांमधली ग्रंथालयं आणि त्यांतलं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर. तुमचा विषय सहकारी बँक, दवाखाना किंवा बाजार समितीचा असला तरी मुद्दे तेच लागू पडतील.

चौकट नेमकं काय म्हणते?

टॉर्नाट्झ्की आणि फ्लायशर यांनी 1990 मध्ये ही मांडणी केली. एखादी संघटना नवं तंत्रज्ञान घेते की नाही, हे तीन गोष्टींच्या संदर्भात बघा असं ते सांगतात. एक, तंत्रज्ञान: काय उपलब्ध आहे, आपल्याकडे आधीपासून काय आहे. दोन, संघटना: तिचा आकार, माणसं, आतला संवाद, आणि रोजचं काम भागून उरणारी माणसं-पैसा-वेळ. तीन, परिसर: स्पर्धक, सरकारी नियम, आधार देणारी यंत्रणा.

याचं मोठं बळ असं की ती सगळा दोष किंवा सगळं श्रेय एकट्या माणसावर टाकत नाही. फ्रेड डेव्हिस यांचं 1989 चं टॅम मॉडेल माणसाला विचारतं, ‘हे उपयोगी वाटतं का, सोपं वाटतं का?’ टीओई म्हणते, माणसाला काय वाटतं ते राहू द्या, त्याच्या ऑफिसात काय चाललंय ते बघा. आपल्याकडच्या संस्थांसाठी हे जास्त बरोबर आहे. पण टीओई कप्पे देते, कारण देत नाही. कुठला घटक कसा काम करतो हे तुम्हालाच शोधायचं असतं. बरेच प्रबंध कप्पे भरून थांबतात.

पहिली अडचण: ‘स्वीकार’ मोजता कसा?

आता ग्रंथालयात येऊ. सोल हे सॉफ्टवेअर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं. त्याची 2.0 आवृत्ती 2009 ची, 3.0 आवृत्ती 2021 ची. शिवाय 2000 साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं आणि मोफत मिळणारं कोहा आहे, एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे, खाजगी कंपन्यांचीही आहेत. म्हणजे सॉफ्टवेअरची वानवा नाही.

दुसरीकडे नॅक. नॅकच्या 2017 च्या सुधारित चौकटीत 4.2.1 हा निकष ग्रंथालयाच्या स्वयंचलनाबद्दल होता. त्यात काय भरायचं असायचं? सॉफ्टवेअरचं नाव, स्वयंचलन पूर्ण की अंशतः, आवृत्ती आणि कुठल्या वर्षी केलं ते. आता तुमच्या प्रश्नावलीचा पहिला भाग काढा. ‘आपल्या ग्रंथालयाचे स्वयंचलन झाले आहे काय? कोणते सॉफ्टवेअर? पूर्ण की अंशतः? कोणत्या वर्षापासून?’ नॅकच्या तक्त्यातलीच माहिती तुम्ही पुन्हा गोळा करताय. आणि उत्तरही तेच येणार, कारण ग्रंथपालाकडे ते टाइप करून तयार आहे.

यातून दोन भानगडी होतात.

एक गणिताची. समजा तुम्ही 80 कॉलेजं घेतली आणि 74 जणांनी ‘हो’ म्हटलं. ‘नाही’ म्हणणारी उरली 6. आता तुम्हाला दहा घटकांचा परिणाम तपासायचाय. लॉजिस्टिक रिग्रेशनसाठी प्रत्येक घटकामागे कमी संख्येच्या गटात निदान दहा उदाहरणं हवीत असा ढोबळ नियम सांगतात. तुमच्याकडे एका घटकापुरतीही नाहीत. ज्या गोष्टीत फरकच नाही, त्या फरकाची कारणं शोधता येत नाहीत. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, एसपीएसएस हे सांगणार नाही. ते मुकाट्याने आकडे काढून देईल.

दुसरी भानगड अर्थाची. सॉफ्टवेअर असणं आणि देवघेव त्यावर चालणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फिचमन आणि केमेरर यांनी 1999 च्या लेखात हेच अंतर दाखवलं: संघटना तंत्रज्ञान विकत घेतात तो आलेख वर जातो, प्रत्यक्ष कामात आणतात तो मागे रेंगाळतो. पहिला आलेख बघून ‘तंत्रज्ञान पसरलं’ म्हणणं फसवं ठरतं. एव्हरेट रॉजर्स यांनीही संघटनेतल्या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा ‘घेतलं’ हा मानलेला नाही, तर ती गोष्ट इतकी अंगवळणी पडते की ती नवी उरतच नाही, हा मानलाय.

हे अंतर कुठून येतं ते हिशेब करून बघा. समजा कॉलेजात 30,000 पुस्तकं आहेत. अ‍ॅक्सेशन रजिस्टरमधल्या या जुन्या नोंदी संगणकात भरायच्या, म्हणजे ग्रंथपाल मंडळी ज्याला रेट्रोकन्व्हर्जन म्हणतात ते. एका माणसाने दिवसाला 60 नोंदी केल्या तर 500 दिवस, म्हणजे कामाच्या दिवसांची दोन वर्षं. त्या दोन वर्षांत देवघेव बंद ठेवता येत नाही, परीक्षेची ड्युटी चुकत नाही. त्यात मराठी पुस्तकं. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या नोंदी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय शोधात सापडत नाहीत. एकाच लेखकाचं नाव कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी नाव आधी, कुणी इंग्रजीत. मग विद्यार्थ्याला ओपॅकवर पुस्तक मिळत नाही, तो काउंटरवर येऊन विचारतो, आणि परिचर कपाटातून काढून देतो. सॉफ्टवेअर आहेच. वापरात मात्र परिचराची आठवण आहे.

तुमच्या प्रश्नावलीत या परिचरासाठी एकही प्रश्न नसतो.

दुसरी अडचण: ‘बाह्य दबाव’ असं एकच खोकं

परिसर या कप्प्यात आपण ‘शासन व नियामक दबाव’ असं एक चल टाकतो, पाच बिंदूंच्या मापावर तीन विधानं देतो आणि पुढे जातो. दबावाचा परिणाम ‘सार्थ’ निघतो. निघणारच.

डिमॅजिओ आणि पॉवेल यांचा 1983 चा लेख या विषयावर काम करणाऱ्याने वाचायलाच हवा. संस्था एकमेकींसारख्या का दिसू लागतात? वरून सक्ती होते म्हणून, शेजारच्याचं बघून, आणि एकाच तालमीत शिकलेली माणसं सगळीकडे असतात म्हणून. आपल्या कॉलेजांना तिन्ही लागू आहेत. पण लेखातला खरा धागा असा की सारखं दिसल्याने मान्यता मिळते, काम सुधारतंच असं नाही.

आता एक तुलना करा, जी टीओईच्या साच्यात बसत नाही म्हणून सहसा कुणी करत नाही. एकच अनुदानित कॉलेज घ्या. त्याच कॉलेजात कर्मचाऱ्यांचा पगार शासनाच्या सेवार्थ प्रणालीतून निघतो आणि ग्रंथालयात सोल आहे. इमारत एक, वीज एक, इंटरनेट एक, प्राचार्य एक. दोन्हीकडे दबाव बाहेरचाच. सेवार्थ दर महिन्याला चालते, तिथे कुणी ‘सध्या बंद आहे’ म्हणत नाही. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर मात्र देखभाल करार संपला किंवा माणूस बदलला की थांबू शकतं.

तंत्रज्ञान आणि संघटना हे दोन कप्पे बऱ्याच अंशी सारखे, तिसऱ्यात दबाव दोन्हीकडे. मग फरक कशाचा? सेवार्थमध्ये काम झालं नाही तर त्याच महिन्यात पगार अडतो. नॅकची फेरी साधारण पाच वर्षांनी यायची, आणि निकषात विचारलेली माहिती सॉफ्टवेअर असण्याची होती. म्हणजे दबाव आहे की नाही हा प्रश्नच नाही. दबाव काय तपासतो, किती दिवसांनी तपासतो आणि चुकलं तर कुणाचं काय अडतं, हे तीन प्रश्न आहेत. एका चलाऐवजी ही तीन चलं घ्या, तुमचा प्रबंध लगेच वेगळा होईल.

‘पण नॅक वापराचाही आकडा मागायचं ना?’ हो. रोज ग्रंथालय वापरणाऱ्यांची संख्या विचारली जायची. पण ती दारावरच्या नोंदवहीतूनही निघायची. लातूरचंच घ्या. या शहराची ओळख बारावी आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीशी जोडलेली. तयारी करणाऱ्या मुलाला ग्रंथालयाकडून मुख्यतः काय हवं असतं? बसायला खुर्ची, पंखा, शांतता. पुस्तकं, नोट्स त्याच्या स्वतःच्या पिशवीत असतात. त्याची सही दारावर होईल, संख्या वाढेल आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही लागणार नाही. ही तक्रार नाही, ती त्या मुलाची खरी गरज आहे. पण अभ्यासिकेची गर्दी स्वयंचलनाचं यश म्हणून मांडणं चूक आहे.

तिसरी अडचण: संघटना कुठली आणि उत्तर कोण देतंय?

टीओई गृहीत धरते की निर्णय घेणारी, पैसे देणारी आणि वापरणारी संघटना एकच. कारखान्याला हे चालतं. आपल्या कॉलेजाचं बघा. पगार शासनाचा, पदमंजुरी उच्च शिक्षण विभागाची, खरेदीचा निर्णय संस्थेचा, सही प्राचार्यांची, काम ग्रंथपालाचं. विनाअनुदानित कॉलेजात तर पगारही संस्थेच्या हाती. अशा वेळी ‘उच्च व्यवस्थापनाचा पाठिंबा’ म्हणजे कुणाचा पाठिंबा? संस्थाचालकांचा, प्राचार्यांचा की सहसंचालक कार्यालयाचा? प्रश्नावलीत हे उलगडून विचारलं नाही तर प्रत्येकजण आपल्या मनाने अर्थ लावतो, आणि तुम्ही त्यांची सरासरी काढता.

बरं, उत्तर कोण देतो? एकटा ग्रंथपाल, आणि प्रश्नावली प्राचार्यांच्या पत्रासह आलेली. ‘व्यवस्थापन ग्रंथालयाला पुरेसा निधी देते’ यापुढे ‘पूर्णतः असहमत’ कोण लिहील, तेही कॉलेजचा शिक्का मारून परत पाठवायच्या कागदावर? कारणं आणि परिणाम दोन्ही एकाच माणसाकडून, एकाच बैठकीत विचारले की आकडे एकमेकांशी जुळतातच. क्रॉनबॅक अल्फा 0.7 च्या वर गेला म्हणून आनंद होतो. अल्फा एवढंच सांगतो की विधानांची उत्तरं एकमेकांना धरून आहेत. ती खरी आहेत असं तो सांगत नाही.

मग चौकट टाकून द्यायची?

नाही. इआकोवू, बेनबासट आणि डेक्स्टर यांचा 1995 चा अभ्यास बघा. लहान कंपन्या ईडीआय, म्हणजे संगणकातून थेट व्यवहाराची कागदपत्रं पाठवण्याची पद्धत, का घेतात हा प्रश्न. घटक तीनच: दिसणारा फायदा, तयारी, बाहेरचा दबाव. उदाहरणं सात. त्यांनी ‘घेतलं का’ इथे न थांबता ‘घेतल्यावर बाकीच्या कामाशी किती जोडलं’ हेही बघितलं. लहान कंपन्या मुख्यतः मोठ्या भागीदारांच्या दबावामुळे या पद्धतीकडे येतात, हे त्यातूनच पुढे आलं. आपली तालुक्याची कॉलेजं या लहान कंपन्यांच्या फार जवळची आहेत. तीनशे प्रश्नावल्यांपेक्षा नीट बघितलेली सात-आठ उदाहरणं जास्त सांगू शकतात.

तुमच्या सिनॉप्सिससाठी माझा आग्रह एवढाच:

1. ‘स्वीकार झाला का’ याऐवजी सॉफ्टवेअरमधलीच नोंद मागा. शेवटची देवघेव कुठल्या तारखेची? गेल्या महिन्यात किती व्यवहार त्यात झाले? अ‍ॅक्सेशन रजिस्टरमधल्या किती टक्के पुस्तकांची नोंद संगणकात आहे?
2. वहीसुद्धा समांतर चालू आहे का ते डोळ्यांनी बघा. दोन्ही चालू असतील तर नेमका विश्वास कशावर आहे, ते विचारा.
3. कॉलेजं जोडीने निवडा. सॉफ्टवेअर एकच, नॅकचा अनुभव सारखा, पण एकीकडे वापर जिवंत आणि दुसरीकडे बंद. एक जोडी नांदेड किंवा लातूर शहरातली, एक किनवट, देगलूर, निलंगा किंवा अहमदपूरकडची.
4. माणूस बदलला तेव्हा काय झालं, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारा. ग्रंथपाल निवृत्त झाला, पद भरलं नाही, पासवर्ड कुणाकडे गेला?
5. ग्रंथपालाबरोबर परिचराशी आणि दोन विद्यार्थ्यांशी बोला. प्राचार्यांच्या केबिनबाहेर बोला.

यातलं काही केलं तर नमुना लहान होईल आणि समितीत ‘एवढीच कॉलेजं का?’ असा प्रश्न येईल. त्याला उत्तर आहे: मला किती ठिकाणी आहे हे मोजायचं नाही, कुठे चालतं आणि का चालतं हे शोधायचंय. हे उत्तर घाबरत देऊ नका. रंगनाथनांच्या पाच सूत्रांपैकी चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. सॉफ्टवेअर आल्यानंतर त्या वाचकाचा वेळ वाचला का, याचं उत्तर 74 ‘हो’ मिळूनही सापडणार नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात असू द्या. तुमचा प्रबंध शेवटी शोधगंगेवर जाणार, कारण नियम आहे. तिथे असणं म्हणजे वाचला जाणं नव्हे. हा फरक आपल्या विषयाइतका दुसऱ्या कुणाला कळायला नको.