शिस्त, शिक्षा आणि सामना : अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या दंडपद्धतीची चिकित्सा

'शिक्षा' या शब्दाला मराठीत चमत्कारिक दैव लाभले आहे. संस्कृतात त्याचा अर्थ शिकविणे. वेदांगांपैकी एकाचे तर ते नावच. मराठीत मात्र तोच शब्द दंडाच्या अर्थाने रूढ झाला, आणि शिकविण्याचे काम 'शिक्षण' या शब्दाकडे गेले. हे दोन अर्थ मुळात एकत्र होते याची आठवण ठेवली, तर अमेरिकन विद्यापीठांत फुटबॉलच्या खेळाडूंना मैदानाबाहेरील गैरवर्तनाबद्दल ज्या रीतीने शासन केले जाते तिचे मर्म ध्यानात येण्यास साहाय्य होते. तेथील प्रशिक्षकाचा दावा असा असतो की, आपण देतो ती शिक्षा मूळ अर्थाने शिक्षा आहे. आपण खेळाडूला शिकवितो, घडवितो. हा दावा दांभिक आहे असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु तो पुष्कळदा प्रामाणिक असतो, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा करणे अवश्य आहे.

येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल हा आपल्याकडील पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. चेंडू हातात घेऊन, अंगावर अंग घालून प्रतिपक्षाची भूमी यार्डायार्डाने जिंकीत जाण्याचा तो अमेरिकन प्रकार होय. हंगामात एका संघाच्या वाट्यास सुमारे बाराच नियमित सामने येतात. त्यानंतर निवडक संघांना वर्षअखेरीस 'बोल' नावाचे प्रतिष्ठेचे सामने मिळतात. सामने इतके थोडे असल्यामुळे प्रत्येक सामन्याला मोल येते, आणि म्हणूनच शिक्षेचे मापही सामना हेच ठरले आहे. अमुक खेळाडू इतक्या सामन्यांसाठी निलंबित, अशा भाषेत निर्णय जाहीर होतो. हे माप इतके सरावाचे झाले आहे की, त्याने नेमके काय मोजले जाते हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या पद्धतीचे जे उदाहरण आदर्श म्हणून सांगितले जाते ते 1963 चे आहे. अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक पॉल 'बेअर' ब्रायंट यांनी जो नेमथ या आपल्या प्रमुख खेळाडूस मद्यपान करून संघाचा नियम मोडल्याबद्दल डिसेंबरमध्ये निलंबित केले. हंगामातला मायामीविरुद्धचा शेवटचा सामना उरला होता, आणि त्यानंतर नववर्षाच्या पहिल्या दिवशी शुगर बोल. दोन्ही सामने नेमथविना खेळले गेले. मायामीविरुद्ध 17-12 आणि मिसिसिपीविरुद्ध 12-7 असे ते अलाबामाने जिंकले हा भाग निराळा. निर्णय घेताना ब्रायंट यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पुढील हंगामात नेमथ परतला, आणि 1964 चे राष्ट्रीय अजिंक्यपद अलाबामाला मिळाले. गुरूने कठोर व्हावे, शिष्याने मुकाट्याने सोसावे आणि अखेर उभयतांचे कल्याण व्हावे, अशी ही कथा आहे. ती खरीही आहे. नेमथने पुढे आयुष्यभर ब्रायंट यांच्याविषयी आदराचीच भाषा वापरली.

तथापि या कथेचे यश एका गोष्टीवर उभे आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. नेमथचा अपराध संघाविरुद्ध होता. नियम संघाचा, भंग संघाच्या नियमाचा, आणि शिक्षा म्हणून जे हिरावले गेले तेही संघातील स्थान. मोजमाप आणि मोजावयाची वस्तू एकाच जातीची असल्याने हिशेब बरोबर जुळला. तिसऱ्या कोणा व्यक्तीला त्या अपराधाने इजा झालेली नव्हती.

आता 1995 सालचे नेब्रास्का विद्यापीठ पाहावे. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न हे ब्रायंट यांच्याहून निराळ्या प्रकृतीचे गृहस्थ: शैक्षणिक मानसशास्त्राचे पदवीधर, धर्मशील, आवाज न चढविणारे. त्यांचा संघ आदल्या वर्षीचा विजेता होता. 10 सप्टेंबरच्या पहाटे त्यांचा अग्रगण्य खेळाडू लॉरेन्स फिलिप्स याने संघातील एका सहकाऱ्याच्या निवासात शिरून आपल्या पूर्वीच्या मैत्रिणीवर हल्ला केला आणि तिला जिन्यावरून फरफटत खाली नेले. ती त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी होती, आणि तेथील महिला बास्केटबॉल संघाची खेळाडूही. ऑस्बोर्न यांनी प्रथम फिलिप्सला संघातून काढल्याचे सांगितले. पुढे काही अटी पाळल्यास त्यास परत घेता येईल असे जाहीर केले. न्यायालयात फिलिप्सने आरोपांना आव्हान दिले नाही व त्याला परिवीक्षेवर सोडण्यात आले. सहा सामने झाल्यावर, नोव्हेंबरच्या आरंभी, तो मैदानावर परतला. 2 जानेवारी 1996 रोजी फिएस्टा बोलमध्ये नेब्रास्काने फ्लोरिडाचा 62-24 असा धुव्वा उडविला. त्यात फिलिप्सने 165 यार्डांची धाव घेतली.

ऑस्बोर्न यांच्यावर त्या वेळी चहूकडून टीका झाली. अजिंक्यपदासाठी त्यांनी खेळाडू परत घेतला असा तिचा आशय होता. ही टीका पुराव्याला धरून नाही. फिलिप्सविना खेळलेले सहाही सामने नेब्रास्काने जिंकले होते, आणि त्याच्या जागी आलेला आमान ग्रीन हा पहिल्या वर्षाचा खेळाडू उत्तम खेळत होता. फिलिप्सची गरज संघापेक्षा प्रशिक्षकाच्या विवेकबुद्धीला अधिक होती असेच म्हणणे प्राप्त आहे. ऑस्बोर्न यांनी त्या वेळी आणि पुढे 1996 च्या 'ऑन सॉलिड ग्राउंड' या आपल्या पुस्तकात जी बाजू मांडली तिचा गाभा असा: या मुलाचे बालपण घराविना, संस्थांच्या आश्रयाने गेले, फुटबॉल हीच त्याच्या आयुष्यातील एकमेव चौकट आहे, ती मोडली तर तो सावरणार नाही. उपचार, अभ्यास आणि संयम यांच्या अटींवर ती चौकट टिकवावी, हेच त्याच्या हिताचे.

हा युक्तिवाद हलका नाही. फिलिप्सचे पुढील आयुष्य भयानक ठरले. व्यावसायिक खेळात तो टिकला नाही. पुढे हिंसेच्या गुन्ह्यांबद्दल दीर्घ कारावास भोगत असताना जानेवारी 2016 मध्ये कॅलिफोर्नियातील तुरुंगात त्याचा अंत झाला. त्यावरून ऑस्बोर्न चुकले असे सिद्ध होत नाही, बरोबर होते असेही नाही. परंतु त्यांच्या युक्तिवादाचे प्रत्येक वाक्य तपासून पाहिले असता एक गोष्ट आढळते: त्या सर्व वाक्यांचा कर्ता किंवा कर्म फिलिप्स आहे. त्याचे काय होईल, त्याला काय लागेल, तो कसा सुधारेल. जिला जिन्यावरून ओढण्यात आले तिच्या हिताहिताचा विचार ऑस्बोर्न यांच्या मनात आला नसेल असे नव्हे, पण त्यांच्या निर्णयाच्या रचनेत त्याला जागाच नव्हती. तीही खेळाडूच होती. तिच्याही आयुष्याची चौकट तेच विद्यापीठ, तीच व्यायामशाळा, तेच क्रीडांगण होते. 'चौकट टिकवावी' हा न्याय तिला लावला असता तर निर्णय कोणता झाला असता?

धर्मशास्त्रकारांनी या ठिकाणी एक भेद केला आहे आणि तो उपयोगी पडण्याजोगा आहे. पातकाबद्दल प्रायश्चित्त सांगण्याचा अधिकार परिषदेचा, अपराधाबद्दल दंड करण्याचा अधिकार राजाचा. प्रायश्चित्ताचा विषय पातक्याची शुद्धी हा आहे. दंडाचा विषय प्रजेचे रक्षण. एकच कृत्य दोहोंना पात्र होऊ शकते, परंतु एकाने दुसरे फिटले असे सर्रास मानले गेलेले नाही. या परिभाषेत बोलावयाचे तर ऑस्बोर्न यांनी दिले ते प्रायश्चित्त होते, आणि कदाचित विचारपूर्वक दिलेले होते. दोष असा की, ते दंडाच्या जागी चालविण्यात आले. न्यायालय आणि विद्यापीठाचा शिस्तविभाग यांनी आपापल्या परीने काही केले हे खरे. पण सर्व देशाने 'फिलिप्सला काय शिक्षा झाली' या प्रश्नाचे उत्तर म्हणून एकच आकडा ऐकला: सहा सामने.

हा अधिकाराचा गोंधळ आहे, केवळ सौम्यतेचा नव्हे. प्रशिक्षक कठोर असला तरी तो राहतोच. पेन्सिल्वेनिया स्टेट विद्यापीठात 2007 च्या वसंतात विद्यापीठाच्या आवाराबाहेरील एका निवासात मारामारी झाली आणि तीत अनेक फुटबॉल खेळाडू गुंतले असल्याचे निघाले. तेव्हा जो पटर्नो यांनी अख्ख्या संघाला शिक्षा फर्माविली. घरच्या प्रत्येक सामन्यानंतर सर्व खेळाडूंनी, मारामारीत नसलेल्यांनीही, सुमारे एक लाख प्रेक्षकांचे ते क्रीडागार झाडून काढावयाचे. पाहणाऱ्याला हे विलक्षण बाणेदार वाटले. पण याच काळात विद्यापीठाच्या विद्यार्थिविषयक उपाध्यक्षा विकी ट्रिपोनी आणि पटर्नो यांच्यात एक वाद विकोपास गेला होता. खेळाडू विद्यापीठाचा नियम मोडील तर त्याचा न्याय इतर विद्यार्थ्यांप्रमाणेच व्हावा, असे ट्रिपोनींचे म्हणणे. आपल्या खेळाडूंना शिस्त आपण लावू आणि ती चारचौघांत सांगण्याचे कारण नाही, असे पटर्नो यांचे. ट्रिपोनी यांनी त्याच वर्षी पद सोडले. वादाचे कागद 2011 मध्ये वृत्तपत्रांतून बाहेर आले. झाडू मारण्याची शिक्षा चांगली की वाईट हा येथे गौण प्रश्न आहे. सगळ्या संघाने कचरा उचलल्याने संघाची लाज धुतली गेली. मार खाल्लेल्यांचा त्याच्याशी संबंध काय, हे सांगणे कठीण आहे.

ही वृत्ती टोकाला गेली की काय होते ते टेक्ससमधील बेलर विद्यापीठात दिसले. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींची हाताळणी कशी झाली हे तपासण्यासाठी नेमलेल्या विधिज्ञांचे निष्कर्ष मे 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. फुटबॉल विभागाने स्वतःची अनौपचारिक शिस्तव्यवस्था चालविली, आणि खेळाडूंविरुद्धची प्रकरणे विद्यापीठाच्या नियमित प्रक्रियेकडे जाऊ नयेत असे प्रयत्न केले, असे त्यांत नमूद आहे. प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना दूर करण्यात आले. केनेथ स्टार यांचे अध्यक्षपद गेले. येथे 'शिस्त' हा शब्द आपल्या विरुद्धार्थाला पोहोचला. अंतर्गत शिस्त म्हणजे बाहेरच्या न्यायापासून संरक्षण.

यानंतरचा टप्पा अधिक बोधक आहे. महाविद्यालयीन क्रीडांवर देखरेख करणारी राष्ट्रीय संघटना, एन.सी.ए.ए., हिने ऑगस्ट 2021 मध्ये बेलरविषयीचा आपला निर्णय दिला. विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबाबत गंभीर कसूर केली हे तिच्या समितीने स्पष्ट शब्दांत मान्य केले. परंतु ती कसूर संघटनेच्या नियमांचा भंग ठरत नाही, असा निष्कर्ष काढला. नियमपुस्तकाच्या दृष्टीने निष्कर्ष चुकीचा नसावा. नियमपुस्तक पाहिले म्हणजे कारण उमगते. याच संघटनेने डिसेंबर 2010 मध्ये ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंना पुढील हंगामातील पाच सामन्यांसाठी निलंबित केले होते. अपराध: त्यांनी आपल्याला मिळालेल्या अंगठ्या व इतर सन्मानवस्तू विकल्या आणि गोंदणे सवलतीत करून घेतली. स्वतःची अंगठी विकण्याबद्दल राष्ट्रीय पातळीवर पाच सामन्यांचा दर ठरू शकतो, आणि स्त्रीवर हात उगारण्याबद्दल मात्र दरच नाही. तो ज्याच्या त्याच्या प्रशिक्षकाने ठरवावा. (ते पाचही जण त्यानंतर दोनच आठवड्यांनी शुगर बोलमध्ये खेळले, कारण शिक्षा पुढील हंगामापासून लागू होती. सामना हे माप किती लवचीक असते त्याचा हा आणखी एक मासला.)

ओक्लाहोमा विद्यापीठातील प्रकरणाने या पद्धतीचा आणखी एक आधार उघडा पाडला. जो मिक्सन या नवागत खेळाडूने जुलै 2014 मध्ये एका उपाहारगृहात एका विद्यार्थिनीस ठोसा मारला. तिच्या चेहऱ्याची हाडे मोडली. घटनेचे चित्रण झाले होते आणि प्रशिक्षक बॉब स्टूप्स यांच्यासह विद्यापीठाच्या वरिष्ठांनी ते तेव्हाच पाहिले होते. मिक्सनला एका हंगामासाठी दूर ठेवण्यात आले. 2015 मध्ये तो परतला. वृत्तसंस्थांच्या न्यायालयीन लढ्यानंतर डिसेंबर 2016 मध्ये ते चित्रण लोकांपुढे आले. तेव्हा स्टूप्स म्हणाले की, असे कृत्य आज घडले तर खेळाडूला संघातून काढूनच टाकण्यात येईल. अडीच वर्षांपूर्वी हंगामाची शिक्षा पुरेशी वाटली होती, आता काळ बदलला आहे. काळ बदलला हे खरे असेल. परंतु अपराध तोच होता, आणि चित्रणही तेच. बदलला तो प्रेक्षक. 2014 मध्ये ते काही मोजक्या खोल्यांत पाहिले गेले, 2016 मध्ये घराघरांत. मिक्सन मात्र त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी झालेल्या शुगर बोलमध्येही खेळला. नवा नियम जुन्या अपराधाला लावावयाचा नव्हता.

बाहेरून नियम घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. आग्नेयेकडील विद्यापीठांच्या परिषदेने 2015 मध्ये ठरविले की, लैंगिक वा कौटुंबिक हिंसेसारख्या गंभीर गैरवर्तनामुळे एका विद्यापीठातून काढलेला खेळाडू दुसऱ्याने घेऊ नये. इंडियाना विद्यापीठाने 2017 मध्ये अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांना प्रवेशद्वारीच रोखले. दोन्ही नियम स्तुत्य असले तरी ते दारावर बसले आहेत. जो आत आहे, नावाजलेला आहे आणि ज्याचा पुढील सामना शनिवारी आहे, त्याच्याविषयी ते बोलत नाहीत.

दरम्यान प्रशिक्षकाच्या पितृत्वाचा पायाच ढासळत चालला आहे. जुलै 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसा मिळविण्याची मुभा मिळाली. त्यांना विद्यापीठ बदलणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले. जून 2025 मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना मोबदला देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे दोन कोटी पाच लक्ष डॉलर इतकी आहे. ब्रायंट यांनी नेमथला घराबाहेर काढले तेव्हा नेमथला दुसरे घर नव्हते. आजच्या नेमथला ते सहज मिळेल, आणि भाडेही अधिक मिळेल. अशा खेळाडूच्या वर्तनाच्या अटी आता करारनाम्यात लिहिता येतील, आणि करार प्रशिक्षकाच्या मर्जीपेक्षा स्पष्ट असतो हे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे. मात्र करारावर सह्या दोघांच्याच असतात, विद्यापीठाची आणि खेळाडूची. लिंकनमधील त्या जिन्यावर होती ती तिसरी व्यक्ती या कागदावरही पक्षकार नाही.