नारिंगी बटण कुठे गेले?

गाण्याच्या ठेक्यावर धावताना श्रम कमी जाणवतात. म्हणून ‘धावताना गाणी ऐकू नका’ हा उपदेश विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही. त्यापेक्षा उपकरणाला तीन प्रश्न विचारावेत. न पाहता ते चालवता येते का? घामेजलेल्या बोटांना दाद देते का? एका कृतीत गाणे थांबून बाहेरचे आवाज ऐकू येतात का?

सोनी कंपनीचा पहिला वॉकमन जुलै १९७९ मध्ये जपानात विक्रीस आला. त्यावर एक नारिंगी बटण होते. ते दाबले की गाण्याचा आवाज उतरे आणि मायक्रोफोनमधून बाहेरचे बोलणे ऐकू येई. बरोबरच्या श्रोत्याशी बोलता यावे, एवढाच हेतू होता. पण आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते. पुढच्या वॉकमनमधून ते बटण गेले.

ॲपलने २००९ साली आयपॉड शफलवरील गाणी बदलण्याची बटणे काढून ती इअरफोनच्या वायरीवर नेली. एकदा दाबले की गाणे थांबणार, दोनदा दाबले की पुढचे, तीनदा दाबले की मागचे. धावता धावता दाब मोजत बसायचे! २०१० च्या आवृत्तीत बटणे परत आली, हे योग्यच झाले.

स्मार्टफोन पहिल्या दोन प्रश्नांतच नापास होतो. सपाट काचेवर बोटाला खूण सापडत नाही. शिवाय ही काच बोटामुळे होणारा विद्युतभारातील बदल ओळखते; घामातील क्षारयुक्त पाणी वीजवाहक असल्याने ती फसते. मग नजर पडद्याकडे वळते. ताशी १० किलोमीटर वेगाने धावणारा दोन सेकंदांत साडेपाच मीटर जातो, तर ताशी ६० किलोमीटर वेगाचा ट्रक ३३ मीटर.

पेण तालुक्यातील डोलवीचा विचार करा. तेथे पोलाद कारखाना आहे, त्यामुळे अवजड वाहनांची वर्दळ आहे. अशा रस्त्याकडेने भरतीच्या १६०० मीटर धावेचा सराव करणाऱ्याला मागून येणाऱ्या वाहनाची पहिली वर्दी कानच देतात. पण गोंगाटात गाणे ऐकू येईना की आवाज वाढवला जातो, आणि तीच वर्दी बुडते. नवी बिनतारी इअरफोन बाहेरचा आवाज आत घेऊ शकतात. मात्र बहुधा ती सोय आपण निवडावी लागते. धावणाऱ्यासाठी ती मुळातच चालू हवी. कान मोकळा ठेवणारी, हाडांतून ध्वनी पोचवणारी साधने बरी. तरी लक्ष विभागले जातेच.

तात्पर्य, गाण्यांची यादी निघण्यापूर्वीच लावावी, आवाज बेताचा ठेवावा, हाताला जाणवणारे बटण पसंत करावे. पदपथ नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा, म्हणजे उजव्या कडेने धावावे. वर्दळीच्या रस्त्यावर मात्र गाणे बंदच; ते मैदानासाठी राखावे.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करावा. विद्यार्थ्याचे डोळे बांधून, बोटे किंचित ओली करून गाणे थांबवायला सांगावे आणि सेकंद मोजावेत. प्रथम बटणाचे उपकरण द्यावे, मग काचेचे. जाहिरातीपेक्षा तो आकडा अधिक बोलका ठरेल.