चौरस्त्यावरची कबर : 'माय आन्तोनिया' आणि एक कुलवृत्तान्त

विला कॅथर या अमेरिकन लेखिकेची 'माय आन्तोनिया' ही कादंबरी १९१८ साली प्रसिद्ध झाली. नेब्रास्काच्या गवताळ माळावर येऊन स्थिरावलेल्या एका बोहेमियन कुटुंबाची, आणि त्या कुटुंबातील मुलगी पुढे दहाबारा लेकरांची आई व भरल्या शेताची धनीण कशी झाली याची ही कथा. मध्यपश्चिम अमेरिकेतील पहिल्या पिढीच्या शेतकरी स्त्रीचे चित्र म्हणून ती शंभराहून अधिक वर्षे वाचली जात आहे. नायिकेचे मूळही सर्वश्रुत आहे. ॲना सादिलेक, लग्नानंतरची ॲना पावेल्का (१८६९–१९५५), ही लेखिकेची बालपणापासूनची ओळखीची, आणि पुढे आयुष्यभराची मैत्रीण. म्हणजे येथे दोन वृत्तान्त शेजारी शेजारी उभे आहेत, एक कुटुंबाचा आणि दुसरा कादंबरीचा. ते कोठे जुळतात आणि कोठे फाटा घेतात हे पाहणे कॅथलिक वाचकाला विशेष अगत्याचे वाटावे, कारण दोहोंच्या मध्यभागी एक कबर आहे.

सादिलेक कुटुंब १८८० साली बोहेमियातून वेब्स्टर परगण्यात आले. होमस्टेड कायद्याने १८६२ पासून पाच वर्षे जमीन कसून राहणाऱ्याला १६० एकर मिळण्याची सोय झाली होती. रेल्वे त्या माळापर्यंत पोहोचली होती. ज्या माळावर तोवर पॉनी लोक शिकार करीत, तेथे आता नांगर चालू लागला होता. पण लाकूड दुर्मिळ, घर म्हणजे मातीच्या ढेकळांचे, आणि हिवाळा असा की जन्मभर घरात बसून हातमागावर वा गावच्या मैफलीत रमलेल्या माणसाने तेथे काय करावे? १८८१ च्या हिवाळ्यात ॲनाच्या वडिलांनी बंदुकीने आत्महत्या केली. ॲना तेव्हा बारा वर्षांचीही नव्हती. दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, नऊ वर्षांची विला व्हर्जिनियाहून त्याच परगण्यात आली, आणि तिच्या कानी पडलेल्या पहिल्या गोष्टींपैकी ही एक होती. ती तिला कधीच सोडून गेली नाही. १८९२ साली छापून आलेली तिची पहिली कथा 'पीटर' याच मृत्यूवर आहे.

या कथेतील म्हातारा मरण्यापूर्वी आपले व्हायोलिन मोडून टाकतो, कारण कंजूष मुलगा ते विकणार हे त्याला ठाऊक आहे. सव्वीस वर्षांनंतरच्या कादंबरीत मात्र व्हायोलिन मोडत नाही. शिमेर्दा नव्या देशात ते वाजवीत नाही, एवढेच. शेवटच्या भागात ते नातवाच्या, लिओच्या, हातात दिसते. एका वाद्याच्या या दोन गतींत लेखिकेची सारी वाढ दिसून येते. तरुणपणी तिला मृत्यूची शोकान्तिका दिसली. प्रौढपणी तिला दिसले की मेलेल्या माणसाचे काही ना काही मुलीच्या घरात जगत राहते.

कादंबरीतील दफनाचा प्रसंग कोणत्याही श्रद्धावंताने सावकाश वाचावा. धर्मगुरू दूर, वाटा बर्फाने बुजलेल्या. जवळची कॅथलिक दफनभूमी आत्महत्या केलेल्या माणसाला घेईल की नाही याची शंका. नॉर्वेजियनांची दफनभूमी तर सरळ नकार देते. थोरला मुलगा अँब्रोश बापाच्या आत्म्याला शुद्धिस्थानात किती काळ काढावा लागेल या विवंचनेने जपमाळ धरून बसला आहे. येलिनेक नावाचा तरुण बोहेमियन, लहानपणी पटकीच्या साथीत धर्मगुरूंबरोबर छावणीतील रुग्णांकडे पवित्र साक्रामेंत घेऊन जाणारा, आपली श्रद्धा कोणताही अभिनिवेश न धरता सांगतो, आणि प्रॉटेस्टंट आजोबा ती आदराने ऐकून घेतात. अखेर शिमेर्दाला त्याच्याच शेताच्या कोपऱ्यात, जेथे पुढे दोन रस्ते छेदणार तेथे पुरतात. तसा कोपरा निवडण्यामागे जुन्या देशातील एक समजूत आहे. प्रत्यक्ष रस्ते झाले तेव्हा मात्र ते कबरीला वळसा घालून गेले. सरळ रेषेत आखलेल्या त्या देशाने एका परक्या मृताखातर आपली रेषा वाकवली. कॅथरच्या लेखनातील हे सर्वांत करुणामय स्थळ आहे.

कुटुंबाचा वृत्तान्त येथे वेगळ्या वाटेने जातो. १९५५ साली, मृत्यूच्या थोडेच आधी, वृद्ध ॲनाने एका शाळकरी मुलीला आपली हकीकत पत्राने कळवली. पुस्तकातले बहुतेक खरे आहे, असे ती सांगते. वडिलांना शेताच्या कोपऱ्यात पुरले, हेही सांगते. पण पुढे भावाने त्यांना तेथून हलवले, आणि आज वडील, आई व भाऊ रेड क्लाउडच्या दफनभूमीत एकत्र आहेत, वर शिळा आहे, हेही ती आवर्जून नोंदवते. कादंबरीला चौरस्त्यावरची एकाकी कबर हवी होती. कुटुंबाला बाप आपल्या माणसांत हवा होता. कलेच्या दृष्टीने लेखिकेची निवड अचूक आहे याबद्दल दुमत होऊ नये. पण अँब्रोशला कादंबरीने हिशेबी आणि रूक्ष रंगवले, आणि ॲनाच्या खऱ्या भावाने बापाची हाडे उचलून आईशेजारी नेली, ही गोष्ट कादंबरीबाहेर राहिली. एवढे ऋण त्या भावाच्या नावे मांडले पाहिजे.

याहून मोठे ऋण आईचे आहे. श्रीमती शिमेर्दा कादंबरीत कुरकुरी, लोभी, उपकार विसरणारी अशी येते. ती शेजारणीला बोहेमियाच्या रानातून जपून आणलेल्या वाळवलेल्या अळंब्या भेट देते, आणि ते काय आहे हे न कळल्याने शेजारीण त्या चुलीत टाकते. हा प्रसंग लेखिकेने लिहिला यातच तिला सत्य कळले होते हे दिसते. तरीही निवेदक जिम त्या बाईला अखेरपर्यंत क्षमा करीत नाही. नवरा गमावून, परक्या भाषेच्या देशात, मातीच्या बिळात पहिला हिवाळा काढून मुले जगवणारी ही स्त्रीच खरे तर त्या घराची पहिली शेतकरीण होती. आन्तोनियाचे फुललेले शेत तिच्याच कष्टांवर उभे आहे.

दोष जिमच्या दृष्टीत आहे, आणि लेखिकेने तो जाणूनबुजून ठेवला आहे असे मला वाटते. जिम मोठा होऊन रेल्वेचा वकील होतो. ज्या रेल्वेने ही माणसे माळावर आणली तिचाच तो नोकर. शीर्षकातील 'माझी' हा शब्द त्याचा आहे. फसवणूक होऊन, पोटात मूल घेऊन आन्तोनिया घरी परतते, त्या काळात जिम तिच्याजवळ नाही. तो भाग दुसऱ्या बाईच्या तोंडून येतो. खऱ्या ॲनाच्या वाट्यालाही असाच विश्वासघात आला होता, आणि तिनेही लाज न बाळगता ते मूल वाढवले व पुढे जॉन पावेल्काशी संसार केला. साठवणीच्या तळघरातून मुलांचा लोंढा उन्हात धावत बाहेर येतो तो प्रसिद्ध प्रसंग जिमला प्रतिमा म्हणून दिसतो. तेथील बरण्या मात्र कोणीतरी एकेक करून भरलेल्या असतात.

ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायदेसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला धार्मिक दफन नाकारले होते. १९८३ च्या संहितेत तो उल्लेख उरला नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षा ग्रंथाने अशा मृतांच्या तारणाविषयी आशा सोडू नये असे शिकवले. हा नियम वसईत होता तसाच नेब्रास्कात होता, म्हणून कॅथरची ही पाने आपल्याला परकी वाटत नाहीत. कायद्याला जेथे पोहोचायला शतक लागले, तेथे त्या माळावरची साधी माणसे एका दुपारी पोहोचली होती. त्यांनी कबर खणली, सर्वांना कळावी म्हणून इंग्रजीत प्रार्थना केली, स्तोत्र म्हटले.

'माय आन्तोनिया' वाचावी ती या करुणेसाठी. वाचून झाल्यावर तिच्याशेजारी ॲनाचे ते साधे पत्र ठेवावे. कादंबरीने बापाला अमर केले, आणि मुलांनी त्याला घरी आणले. एका शेतकरी स्त्रीचा कुलवृत्तान्त या दोन्ही गोष्टी मिळूनच पुरा होतो.