खोबणीत बसलेला रेणू

अमुक वनस्पती अल्झायमरवर गुणकारी, अशा मथळ्यांमागचे मूळ शोधनिबंध आम्ही अधूनमधून काढून वाचतो. वनस्पती जितकी परिचित, तितका मथळा मोठा. निबंधांचा साचा मात्र एकच. अल्झायमरमध्ये मेंदूतील ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक द्रव्य कमी पडते. म्हणून त्याचे विघटन करणाऱ्या विकराला अडवावयाचे. टॉर्पेडो या विद्युत्-माशातील या विकराची त्रिमितीय रचना १९९१ साली प्रसिद्ध झाली. आज अशा रचनेच्या खोबणीत ब्राह्मी, अश्वगंधा, हळद यांतील रेणू संगणकावर बसवून पाहतात, प्रत्येकाला बंधन-ऊर्जेचा आकडा देतात आणि पहिल्या आलेल्यास 'संभाव्य औषध' म्हणतात.

आमचा आक्षेप या क्रमवारीला आहे. समजा, पहिल्या रेणूचा आकडा उणे ९.८ आणि पाचव्याचा उणे ९.१ किलोकॅलरी प्रति मोल आहे. या कामी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑटोडॉक व्हिना या प्रणालीच्या कर्त्यांनीच २०१० साली तिच्या अंदाजातील चूक जवळजवळ ३ किलोकॅलरी असल्याचे नोंदवले होते. १.४ किलोकॅलरी म्हणजे बंधाच्या बळकटीत दहापट फरक. ३ म्हणजे शंभरपटीहून अधिक! मग पहिला कोण आणि पाचवा कोण?

शिवाय रेणू पोटातून रक्तात व तेथून मेंदूत पोचतो का, हे त्या आकड्यात नसते. हळदीतील कर्क्युमिन येथेच अडते. ते फारसे शोषले जात नाही, शोषलेले शरीर झपाट्याने बदलून टाकते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३६ रुग्णांवरील २४ आठवड्यांच्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. हे ठाऊक नसलेल्या नातेवाइकांना मथळा वाचून चालू गोळ्यांऐवजी चूर्ण द्यावेसे वाटले, तर दोष त्यांचा नव्हे.

वनस्पतींतून औषध मिळतच नाही, असे मुळीच नाही. स्नोड्रॉप या फुलझाडातून १९५०च्या दशकात वेगळे केलेले गॅलँटामिन रुग्णांवरील चाचण्यांनंतर २००१ साली अमेरिकेत अल्झायमरसाठी मान्य झाले. तेही हेच विकर अडवते, आणि तरी लक्षणे काही काळ सौम्य करण्यापलीकडे जात नाही. रोग चालूच राहतो.

हजारो रेणूंतून प्रयोगशाळेत न्यावयाचे पन्नास निवडण्यास ही चाळणी स्वस्त आणि चांगली आहे. पुष्कळ निबंध चाळणीपाशीच संपतात, हे खटकते. विज्ञान प्रदर्शनासाठी असा प्रकल्प आला, तर शिक्षकांनी विद्यार्थ्याला आधी गॅलँटामिन आणि निरुपयोगी ठरलेले काही रेणू त्याच खोबणीत बसवावयास सांगावे, आणि त्यांचे क्रमांक कितवे येतात ते पाहावे.