मिटणारे शेवाळ

चित्रपटापासून कथाकाराने काय घ्यावे, याचे उत्तर बहुधा तंत्राच्या परिभाषेत दिले जाते: दृश्यात्मक वर्णन, पूर्वदृश्ये, तुटक प्रसंगांची जुळणी. ही उसनवारी फारशी फलदायी नाही. यांपैकी पुष्कळ गोष्टी कादंबरीपाशी आधीपासूनच होत्या. शिकण्याजोगी आहे ती चित्रपटाची मर्यादा.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) दुर्गेवर शेजारच्या घरातील माळ चोरल्याचा आळ येतो; ती तो नाकारते. तिच्या मृत्यूनंतर, गाव सोडण्याची आवराआवर चालू असता, तीच माळ अपूच्या हाती लागते. तो ती तळ्यात भिरकावतो. पाण्यावरचे शेवाळ दुभंगते आणि हळूहळू पुन्हा मिटते. बिभूतिभूषणांच्या मूळ कादंबरीत वस्तू डबी आहे आणि ती वेळूच्या बनात जाते. पाण्याची योजना रायांची. पात्राच्या मनात शिरण्याची मुभा नसल्यामुळे त्यांना बोलकी कृती शोधावी लागली. बहिणीचा अपराध कळणे, तिची अब्रू झाकणे, त्या गुपितासह एकटे उरणे हे सारे या कृतीत एकवटले आहे, आणि ते वेगळे काढता येत नाही. ‘अपूला वाटले’ अशी सुरुवात करणाऱ्या वाक्याला मात्र त्यातील एकाचीच निवड करावी लागते.

नवकथेने मराठीत संज्ञाप्रवाहाची वाट रुळवली. तिचे मोल निर्विवाद आहे. परंतु तिच्या सवयीने पात्राच्या मनाचे दार सदैव उघडेच असते, असा (सोयीचा) समज दृढ झाला. शेवाळ मिटते तेथे राय थांबतात. आपला कथाकार तेथून पुढे आणखी एक परिच्छेद लिहितो.