शिष्य आणि शिष्यवृत्ति

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी बोलपटास २०२० सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत उत्कृष्ट पटकथेचें पारितोषिक मिळालें. शरद नेरुळकर हा ख्यालगायक आजारी गुरूची मनोभावें सेवा करतो आणि रात्रीं मोटारसायकलवरून हिंडतांना गुरूंच्या गुरु माई यांचीं ध्वनिमुद्रित व्याख्यानें ऐकतो. (माईंचा तो करारी आवाज पुण्याच्या सुमित्रा भावे यांचा.) वर्षें सरतात, परंतु थोरवी कांहीं येत नाहीं. शरदचें दुर्दैव असें कीं, गुरुगृहीं तो गाणें शिकतो त्याहून अधिक स्वतःस कमी लेखावयास शिकतो. हें दाखवितांना ताम्हाणे गुरूस खलपुरुष करीत नाहींत, यांतच त्यांचा अधिकार दिसतो.

नवल हें कीं, या कथेचे कर्ते स्वतः त्या सुमारास शिष्य होते! रोलेक्स कंपनीच्या २०१६-१७ च्या योजनेंत मेक्सिकोचे दिग्दर्शक आल्फोन्सो कुआरोन यांनीं त्यांस शिष्य म्हणून निवडलें. 'रोमा'चें चित्रण चाललें असतां तें जवळून पाहण्याची संधि त्यांस मिळाली. पुढें कुआरोन त्यांच्या बोलपटाचे कार्यकारी निर्मातेहि झाले. तथापि गुरूचा शिक्का 'द डिसायपल'वर मला आढळला नाहीं. दुरून, न हलतां पाहणारी ती नजर २०१४ च्या 'कोर्ट'मध्यें आधींच होती. आपल्याकडेहि दामले, फत्तेलाल व शांताराम हे कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या हाताखालीं तयार झाले आणि १९२९ सालीं 'प्रभात' काढून स्वतःच्या वाटेनें गेले. पुण्यांतील त्याच 'प्रभात'च्या आवारांत १९६० सालीं सरकारनें चित्रपटशिक्षणाची संस्था उघडली.

परंतु रोलेक्सची निवड झाली ती 'कोर्ट'चा गौरव झाल्यावर. 'कोर्ट' लिहिला जात असतां ताम्हाण्यांच्या पोटाची काळजी विवेक गोम्बर या मित्रानें वाहिली व निर्मितीचा भारहि उचलला. असा मित्र किती जणांस लाभतो? 'फँड्री'चे नागराज मंजुळे करमाळा तालुक्यांतील जेऊरच्या वडार कुटुंबांतले. त्यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट विद्यार्थिदशेंतला. त्यास राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, म्हणून पुढची वाट थोडी मोकळी झाली. अशा मुलांपाशीं दाखवावयास आधींचा चित्रपट नसतो, चार लिहिलेलीं पानें असतात. शिष्यवृत्ति देणाऱ्यांनीं तीं पानें वाचावयास बसावें आणि तीं पुरीं होईपर्यंत वर्षभर त्यांच्या लेखकाच्या घरचें भाडें भरावें. कुआरोन यांच्यासारखा गुरु मागाहून भेटला तरी चालेल.